नांग्या भरणारी बाई

कौसे, तुझ्या दहाव्याला सगळे माझंच कौतुक करत होते. ओढ्यावरून परतताना तुझ्या चुलत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मामानं लई केलं पोरीसाठी. सख्ख्या बापानं केलं नसतं." दोघाचौघांनी माना हलवल्या. मी खाली बघत चालत राहिलो. लोकांना वाटलं, मामाला बोलवत नाही. मग पंक्तीत बसलो, वाढलं ते सगळं खाल्लं, वर आमटी मागून घेतली. असा निलाजरा माणूस तुझा मामा. आज चार दिवस झाले, ताटावरून तसाच उठतोय.

तुला माझं काय सांगायचं? तुझ्या आईचा पाठचा भाऊ, राहुरीच्या कॉलेजात बियाण्यांच्या वाफ्यांवर पोरांची प्रात्यक्षिकं घेणारा. पण पाथर्डीकडच्या आपल्या गावाच्या लेखी मी मोठा शास्त्रज्ञ. गावात कुणाच्या म्हशीनं वैरण टाकली तरी मला विचारायचे. आणि मीही मिशीला पीळ देऊन सांगायचो.

तू दोन वर्षांची असताना अक्का तुला ऊसतोडीच्या फडावरून घेऊन आली, तेव्हा तुझं तोंड होरपळल्यासारखं लाल झालं होतं. बाकीच्यांची पोरं त्याच उन्हात दिवसभर पाचटात लोळत होती, त्यांना काही नाही. मग तुझ्या तोंडावर, हातांवर काळे ठिपके उठले. डोळ्यांना उजेड सोसेना. पुढं फोड यायला लागले, नगरच्या डॉक्टरांनी दोनदा कापून काढले. उन्हात जाऊ देऊ नका म्हणाले. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. तुझ्या आजीला मात्र सगळं ठाऊक होतं. अक्कानं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, त्याचं हे फळ. ती तुझी आजी म्हणजे माझी सख्खी आत्या. तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. अक्का ते इतकी वर्षं ऐकत आली. नंतर नंतर तिलाही ते खरं वाटायला लागलं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात परदेशी मासिकं चाळताना मला तुझं दुखणं सापडलं. उन्हानं आपल्या पेशींतल्या डीएनएला रोज इजा होते, सगळ्यांनाच होते. ती दुरुस्त करणारं एन्झाईम माणसाच्या अंगात असतं. आणि काही थोड्या माणसांत ते काम करत नाही. अशा माणसांच्या अंगावर काय काय उठतं, ते पुढं लिहिलं होतं. ते तुझंच वर्णन होतं, कौसे. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? भाचीचं दुखणं छापून आलेलं बघून मामाला आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी पाथर्डीची एस्टी धरली.

दिवस मावळल्यावर तू नेहमीप्रमाणे बाहेर आलीस. ओसरीवर अक्का होती, दाजी होते, तुझा भाऊ अंकुश होता. मी डीएनए म्हणालो आणि चौघांची तोंडं कोरी झाली. मग मला सुचलं. म्हणालो, असं समजा की रान पेरलंय, जोडओळीनं. इकडं बाजरी असेल तर समोर तूरच. इकडं मटकी असेल तर समोर हुलगाच. चारच जिनसा, पण रान कोसच्या कोस लांब. आता उन्हानं काय होतं? एकाच ओळीतल्या शेजारशेजारच्या दोन मटक्यांचे वेल एकमेकांत गुंततात. तिथं फुगवटा येतो, ओळ बिघडते. मग काय कराल?

"बाया लावायच्या, नांग्या भराया," अक्का म्हणाली. पेरलं पण उगवलं नाही अशा मोकळ्या जागा भरत बाया ओळीनं जातात, ते ती दरसाल करत आली होती.

"बरोब्बर. पहिली बाई हाताला फुगवटा लागला की विळ्यानं दोन्हीकडून कापते, तेवढा तुकडा उचलून टाकते. दुसरी समोरच्या ओळीत बघते, हुलगा दिसला की इकडं मटकी टोचते. तिसरी माती सारून जागा बुजवते. आपल्या अंगात हे रोज चाललेलं असतं. कौसाच्या अंगात ती पहिली बाई नाही."

तू पुढं सरकून बसलीस. मग म्हणालीस, "पर तिला कसं कळतं मामा, हितं गुंतलंय म्हून? डोळं हायेत का तिला?"

डोळे नाहीत म्हणालो. एन्झाईम म्हणजे एक लांबच लांब साखळी, ती घड्या पडून गोळा होते आणि त्या घड्यांत बरोबर त्या फुगवट्याच्या मापाची खाच तयार होते. डोळे मिटून दोरीवरून चिमूट फिरवली की गाठ लागते ना, तसं. साखळीतली एक कडी जरी वेगळी पडली तरी घडी चुकते आणि खाच बनतच नाही.

"म्हंजी बाई हाय, पर लुळी," तू म्हणालीस. "रोज हजेरी लावत आसंल आन् बांधावर बसून ऱ्हात आसंल."

अंकुश खो खो हसला. मी म्हणालो, कदाचित बाई मुळात आलीच नसेल. तू म्हणालीस, न्हाई, आली आसंल, लुळी आसंल. यावर आपलं तासभर भांडण झालं. बाई गैरहजर की लुळी, हे तेव्हा जगात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, मला कुठून असणार? पण मी हटलो नाही. पुढं प्रत्येक भेटीत तू विचारायचीस, "लागला का पत्ता, मामा, आमच्या लुळीचा?" ते भांडण तसंच राहिलं.

त्याच बैठकीत मी ठासून सांगितलं की ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. अक्का पदर तोंडाला लावून रडली. तिला रडताना बघून माझी छाती फुगली. आणि तेवढ्यात तू विचारलंस, "मंग ती बाई माझ्याच वाट्याला लुळी का आली?"

मला उत्तर ठाऊक होतं. मासिकात ते पहिल्याच पानावर होतं. पण ओसरीवर समोर आत्या येऊन बसली होती, दाजी होते. मी म्हणालो, "नशीब, दुसरं काय." शास्त्राचा मास्तर, आणि नशीब म्हणालो. तू माझ्याकडं बघत राहिलीस. तेव्हापासूनच तुला संशय आला असेल.

आता इथं लिहून टाकतो. हे दुखणं यायला दोन्हीकडून यावं लागतं, आईकडूनही आणि बापाकडूनही. एकाच बाजूनं आलं तर माणूस धडधाकट दिसतो, पण ते त्याच्यात लपून राहतं. अक्काला माझ्या वडिलांनी आपल्या बहिणीच्या मुलाला दिलं होतं. आपल्यात तशीच रीत, मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क. म्हणजे तुझ्या अंगात जे दोन्हीकडून आलं, ते दोन्ही आमच्याच घरातून निघालं होतं. एक आत्याकडून फिरून, एक माझ्या वडिलांकडून. आणि जे अक्कात आहे ते माझ्यातही असेल, ही शक्यता निम्मी. माझ्यात असेल तर माझ्या पोरीत, निर्मलातही असू शकतं.

त्याच साली पावसाळ्यानंतर तू महिनाभर आमच्याकडं राहुरीला राहिलीस. तुझ्या मामीनं खिडक्यांना गोणपाट लावून घर अंधारं केलं, आणि निर्मला अभ्यास सोडून दिवसभर तुझ्याशी सोंगट्या खेळली. ऊन उतरलं की मी तुला वाफ्यांवर न्यायचो. एका वाफ्यात ज्वारीच्या हिरव्या रोपांत मधूनच पांढरी, कागदासारखी रोपं उगवलेली. तू खाली बसलीस. "ही जगत्याल का?" आठ दिवसांत मरतील म्हणालो. "हिरव्याच्या पोटी पांढरं कसं आलं?" मग मी सुटलोच. आईबाप दोन्ही हिरवे, पण दोघांतही पांढरेपण लपलेलं. दोन्हीकडचं लपलेलं एका दाण्यात आलं की रोप पांढरं. एकीकडचंच आलं की हिरवं, पण लपवून ठेवणारं. बोटांनी मातीत रेघा मारून दाखवल्या. तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला कॉलेजात मिळाली नाही, आणि तू सातवी शिकलेली. मी काय सांगून बसलो, ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. तू पांढऱ्या रोपावरून बोट फिरवत राहिलीस.

मग अक्कानं निर्मलाला मागितलं, अंकुशासाठी. रीतीप्रमाणं मागितलं, नारळ पुढं ठेवून, भाऊबंद बसवून. अंकुश पोरगा सोन्यासारखा. निर्मलाची ना नव्हती, आणि तुझ्या मामीनं तर मनातल्या मनात मांडव घालून ठेवला होता. त्या दोघी राहुरीला, बैठक तुमच्या ओसरीवर, आणि सगळे माझ्याकडं बघत होते.

नकार द्यायलाच हवा होता. तेवढं मी आजही छातीवर हात ठेवून म्हणतो. अंकुशात ते लपलेलं असण्याची शक्यता फार मोठी, निर्मलात असू शकतं, आणि पुन्हा एक कौसा जन्माला घालायची माझी तयारी नव्हती. पण कारण सांगायचं तर म्हणावं लागणार होतं की खोट आमच्या घरात आहे, माझ्यात असेल, माझ्या पोरीत असेल. चार लोकांत बापानंच असं म्हटल्यावर निर्मलाला कोण करणार होतं? माझी जीभ रेटेना. दाजी म्हणाले, "आरं, काय आसंल ते बोल की. आमी काय परके हाय का?"

आणि मी बोललो. म्हणालो, "माझं काही नाही. निमाच्या आईच्या मनात नाही. ती भिते... कौसाकडं बघून."

बायकोच्या नावावर खोटं, आणि तुझ्या तोंडावर खापर. एका वाक्यात दोन पापं केली मी. तू दाराआड उभी होतीस. मला तुझा पदर दिसत होता, तरी बोललो.

संध्याकाळी तू एस्टीपर्यंत सोडायला आलीस. गाडीचा धुरळा दिसायला लागला तेव्हा म्हणालीस, "मामा, माझ्यामुळं मोडलं ना?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तू म्हणालीस, "मी न्हाई ऱ्हात घरात. मी आजोळी जाऊन ऱ्हाते, कायमची. मंग द्याल का निमाला?"

मी म्हणालो, "गाडी आली." आणि चढलो. कौसे, खिडकीतून मागं वळूनसुद्धा बघितलं नाही मी.

पुढच्या साली पाणी पडलंच नाही. गावंच्या गावं दुष्काळी कामावर गेली. मे महिन्यात मी गावी आलो तर तू घरात नाहीस. शोधत बंडिंगच्या, म्हणजे बांध घालायच्या, कामावर गेलो. भर दुपारी, चटका बसणाऱ्या उन्हात, तोंडाला फडकं गुंडाळून तू पाट्या उचलत होतीस. फडक्याबाहेर राहिलेलं कपाळ काळंनिळं झालं होतं. मी भडकलो. सगळ्या बायांदेखत तुझ्यावर ओरडलो, "अक्कल गहाण ठेवलीस का? ऊन म्हणजे तुला विष आहे, किती वेळा सांगितलं? कुणी पाठवलं तुला?"

तू पाटी खाली ठेवलीस. "कुनी न्हाई धाडलं. आज अंकुशाला बघाया पावनं आल्यात. मी घरात दिसले की पुना मोडंल."

म्हणजे पाहुणे येणार असले की तू दिवसभर उन्हात जाऊन बसत होतीस. त्या उन्हाळ्यात पाहुणे पाच वेळा आले, हे मला नंतर अक्कानं सांगितलं. तुझ्या गालावरची शेवटची गाठ, जिनं तुला नेलं ती, त्या उन्हानंच उठली, असं शास्त्र ठामपणे म्हणणार नाही. ती आधीच धरली असेल. मी स्वतःला हे शंभरदा सांगून बघितलं. उपयोग होत नाही. मी तुला तिथून उठवून घरी नेलं असतं आणि पाहुण्यांच्या पुढ्यात बसवलं असतं, तर मी मामा. मी चार शब्द सुनावले आणि कामावर वाटतात ती सुकडी खाऊन परत फिरलो.

अंकुशाचं लग्न झालं, पार लांबच्या गावची मुलगी, नात्यागोत्यातली नाही. जे व्हायला हवं होतं तेच झालं. तू त्या लग्नात मांडवात आली नाहीस, मागच्या खोलीत अक्षता टाकल्यास.

नगरच्या दवाखान्यात तुला शेवटचं भेटलो तेव्हा ठरवून आलो होतो. एस्टीत शब्द जुळवत होतो. तुझा एक डोळा गेला होता, जबडा सुजलेला, बोलणं नीट कळत नव्हतं. मी आलेला बघून तू उठून बसायला लागलीस. मी म्हणालो, पड, पड. तू माझा हात धरून काहीतरी विचारलंस. मला कळेना. पुन्हा विचारलंस. मग कळलं, "लुळी?" आपलं तेच भांडण. मी म्हणालो, "तूच जिंकलीस. लुळीच आहे." मला खरं ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. पण तू हसलीस. अर्धंच हसता येत होतं तुला. आणि त्या हसण्यावर मी खूश झालो, वाटलं, आता कशाला दुसरं काढायचं? पोरगी हसतेय, हसू दे. पुन्हा पळालो. डबा, संत्री, औषधाची चिठ्ठी, सगळं केलं. चार शब्द सोडून.

तर दहाव्याचं सांगत होतो. आमटी ओरपून मी निघालो आणि अंकुश मला एस्टीपर्यंत सोडायला आला. गाडीला वेळ होता. तो खाली बसून काडीनं मातीत रेघोट्या ओढत होता. म्हणाला, "मामा, एक बोलू? रागावू नगा. कौसीनं बोलू दिलं न्हवतं. आता ती न्हाई."

मी बोल म्हणालो.

"निमाचं मोडलं त्या दिशी ती तुमाला येष्टीवर घालवून आली आन् मला म्हनली, मामा खोटं बोलला. म्या म्हनलं, कशावरनं? तर म्हनली, माझ्या तोंडामुळं आसतं तर मी आजोळी जाते म्हनल्यावर मामा व्हय म्हनला आसता. मामा गप झाला. मंग तिनं मला पांढऱ्या रोपाचं समदं समजून सांगितलं, आसंच मातीत रेघोट्या वढून. म्हनली, तुझ्यात आसंल, मामात आसंल, निमात आसंल, म्हून मामा न्हाई म्हनतो आन् त्याचं बराबर हाय."

मी त्याच्याशेजारी खाली बसलो. विचारलं, "मग ती मला का नाही बोलली? निदान अक्काला तरी?"

"तेच म्या म्हनलं. म्हनलं, आयला सांगू, मामीवर फुकाट रुसून बसली हाय. तर माझ्यावरच वरडली. म्हनली, निमाचं लगीन व्हायचं हाय. भाईर कळलं तर कोन करंल तिला? माझं तोंड आसंबी खराबच हाय, त्याच्यावरच जाऊ दे."

गाडी आली. अंकुश माझ्या पाया पडला. म्हणजे, हे सगळं सांगून वर पाया पडला. मी खिडकीपाशी बसलो आणि राहुरी येईपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

तुला सगळं ठाऊक होतं, कौसे. पाटी उचलताना ठाऊक होतं, मी ओरडत होतो तेव्हा ठाऊक होतं, दवाखान्यात माझा हात धरलास तेव्हाही. मी माझ्या पोरीला झाकत होतो आणि तूही तिलाच झाकत होतीस. फरक इतकाच की मी तुझ्या तोंडानं झाकलं आणि तू स्वतःच्या. एस्टीवर तू मला विचारत होतीस की बोलायची एक संधी देत होतीस, हे मी चार दिवस स्वतःला विचारतोय. तुझ्या एवढ्याशा वयाला एवढी समज कुठून आली गं? आणि माझी कुठं गेली?

काल दुपारी मी तुझ्या मामीला आणि निर्मलाला समोर बसवलं. सगळं सांगितलं, नारळाच्या बैठकीपासून. मामी ऐकत होती तोवर ऐकत होती, मग उसळली. "माझ्या नावावर? मला म्हणालात, जुळलं नाही. अन् मी दोन वर्षं डोकं फोडून घेतेय, वन्सं माझ्याशी बोलत का नाहीत म्हणून! त्या पोरीला मी पोटच्या पोरीसारखं..." तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला. मी तिला काय तोंडानं गप्प करणार?

निर्मला हलली नाही. मला वाटलं, ती स्वतःचं विचारेल, माझ्यात आहे का, माझं आता काय. उत्तर मी तयार ठेवलं होतं, की परक्या घरात लग्न झालं तर भीती जवळजवळ नाही. तिनं ते विचारलंच नाही.

"दादा, हे तुम्ही कौसाताईला सांगितलं होतं?"

मी नाही म्हणालो.

"मग आता आम्हाला सांगून काय?" म्हणाली आणि आईपाशी निघून गेली.

उद्या अक्काकडं जाणार आहे. भाऊबंद बसवायला अंकुशाला निरोप धाडलाय, त्या दिवशी बसले होते तेच सगळे. सांगेन. निर्मलाच म्हणाली, माझी काळजी करू नका, सांगा. अक्का उंबऱ्यात उभं करणार नाही कदाचित, तर बाहेरून सांगेन. पण ते त्यांच्यासाठी झालं. तू विचारलं होतंस आणि तुला अजून उत्तर दिलेलं नाही.

नाही, कौसे. तुझ्यामुळं नाही मोडलं. मी भ्यालो होतो.